वाचकांचे प्रश्न : गोड पेयांचे माप सरकारने ठरवावे का?

शीतपेयांतील साखर आणि वाढता लठ्ठपणा या विषयावर अलीकडे आलेल्या पत्रांपैकी ज्यांत सरकारच्या अधिकाराचा प्रश्न थेट विचारला आहे, अशी पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा जर्सी सिटीत राहतो. पलीकडच्या न्यूयॉर्क शहरात काही वर्षांपूर्वी शीतपेयांच्या मोठ्या ग्लासांवर बंदी आली होती आणि न्यायालयाने ती उठवली, असे तो सांगतो. हे प्रकरण नेमके काय होते? आणि लोकांनी किती प्यावे, हे ठरवण्याचा सरकारला अधिकार नाही, असे न्यायालय म्हणाले का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे, मात्र ती बंदी प्रत्यक्षात एक दिवसही लागू झाली नाही. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मे २०१२ मध्ये हा प्रस्ताव मांडला, शहराच्या आरोग्य मंडळाने सप्टेंबरमध्ये तो मंजूर केला आणि १२ मार्च २०१३ पासून त्याची अंमलबजावणी व्हायची होती. आदल्याच दिवशी न्यायाधीश मिल्टन टिंगलिंग यांनी तो रद्द ठरवला.

नियम असा होता की, उपाहारगृहे, चित्रपटगृहे, क्रीडागारे आणि खाद्यपदार्थांच्या हातगाड्या येथे साखर घातलेले पेय १६ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ४७३ मिलिलिटरपेक्षा, मोठ्या पेल्यात किंवा बाटलीत विकता येणार नाही. विकल्यास दोनशे डॉलरपर्यंत दंड. बिनसाखरेची डाएट पेये, निव्वळ फळांचा रस, निम्म्याहून अधिक दूध असलेली पेये आणि मद्य यांना त्यातून सूट होती. सुपरमार्केट आणि ‘सेव्हन-इलेव्हन’सारखी दुकाने राज्य सरकारच्या देखरेखीखाली येत असल्यामुळे शहराचा हा नियम त्यांना लागूच नव्हता. परिणामी चित्रपटगृहात वीस औंसांचा पेला विकणे गुन्हा ठरले असते आणि त्याच रस्त्यावरील दुकानात बत्तीस औंसांचा ‘बिग गल्प’ राजरोस मिळत राहिला असता. नियम मनमानी आणि तर्कहीन आहे, असे टिंगलिंग यांनी म्हटले, त्यामागे ही विसंगती होती.

ब्लूमबर्ग यांच्यासारख्या व्यवहारचतुर माणसाने असा लंगडा नियम का पुढे आणला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. राज्यभर गोड पेयांवर कर बसवण्याचा प्रयत्न न्यूयॉर्क राज्याची राजधानी आल्बनी येथील विधिमंडळात त्याआधी फसला होता. गरिबांना मिळणाऱ्या अन्नसाहाय्याच्या पैशांतून गोड पेये घेता येऊ नयेत, ही शहराची मागणी अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने २०११ मध्ये नाकारली होती. कर बसवण्याचा मार्ग बंद, अन्नसाहाय्याचा मार्ग बंद. महापौरांच्या हाती उरले ते स्वतः नेमलेले आरोग्य मंडळ. याच मंडळाने २००६ मध्ये उपाहारगृहांतील ट्रान्स फॅटवर बंदी घातली होती आणि ती टिकली होती, त्यामुळे मापाचा नियमही टिकेल, असे वाटणे स्वाभाविक होते.

तो टिकला नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला तेथे ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात, २६ जून २०१४ रोजी चार विरुद्ध दोन मतांनी शहराचे अपील फेटाळले. बहुमताचे म्हणणे असे की, आरोग्य, ग्राहकाची मोकळीक आणि व्यापाऱ्यांचे हित यांचा तोल साधून धोरण ठरवणे हे निवडून आलेल्या नगर परिषदेचे काम आहे. नेमलेल्या मंडळाने ते परस्पर करू नये. राज्याच्या आरोग्य परिषदेने केलेले धूम्रपानाचे नियम १९८७ मध्ये ज्या तत्त्वावर रद्द झाले होते, तेच तत्त्व येथे लावले गेले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. नागरिकाला मोठ्या पेल्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. हाच नियम नगर परिषदेने केला असता, तर खटला वेगळ्या मुद्द्यांवर लढवावा लागला असता. आमच्या मते निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य होता. मात्र मापावर मर्यादा असावी की नसावी, याविषयी तो जवळपास काहीच सांगत नाही. शीतपेय कंपन्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पुढे त्याचा ‘स्वातंत्र्याचा विजय’ म्हणून गाजावाजा केला, तो मूळ निकालपत्राला धरून नाही.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे आणि तिचे काय झाले, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. आता साखरेवरही तोच प्रयोग करायचा का? सज्ञान माणसाने काय प्यावे, यात शासनाने पडूच नये, असे मला वाटते.
— एक निवृत्त शिक्षक, वर्धा

उत्तर : वर्ध्याच्या वाचकाने विचारावा असाच हा प्रश्न आहे आणि दारूबंदीविषयीचा आपला अनुभव आम्ही खोडून काढणार नाही. तरीही दोन्ही गोष्टी एका पंगतीत बसत नाहीत. न्यूयॉर्कच्या नियमात पेय विकण्यावर बंदी नव्हती. ज्याला बत्तीस औंस हवे, त्याने सोळाचे दोन पेले घ्यावेत, यालाही कोणाची हरकत नव्हती. चोरटा धंदा बंदीमुळे निर्माण होतो. दुसरा पेला उघडपणे मिळत असताना त्याला वाव राहत नाही.

स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबायला हवे, कारण पेल्याचे माप ग्राहक ठरवतो, हे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे. कोका-कोलाची प्रसिद्ध वळणदार बाटली कित्येक दशके साडेसहा औंसांची, म्हणजे दोनशे मिलिलिटरहूनही कमी मापाची होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील सर्वसामान्य माणूस तेवढेच पीत होता आणि त्यावरून कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही. १९८० च्या सुमारास बत्तीस औंसांचा पेला आला. अमेरिकन माणसाची तहान पंचवीस वर्षांत पाचपट वाढली नव्हती. बदलले ते दुकानदाराचे गणित : यंत्रातून निघणाऱ्या पेयात पाणी, वायू आणि थोडा पाक एवढाच खर्च असल्याने पेला दुप्पट करून किंमत थोडीच वाढवली, तरी वाढलेल्या किमतीतला बराचसा भाग नफाच राहतो. समोर मोठे माप ठेवले की माणूस जास्त खातो-पितो, हे वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले आहे. तेव्हा आपण जिला ग्राहकाची निवड म्हणतो, ती बऱ्याच अंशी विक्रेत्याने आधीच करून ठेवलेली असते. विक्रेत्याने माप ठरवले की ते स्वातंत्र्य आणि लोकनियुक्त सभेने ठरवले की तो जुलूम, ही मांडणी आम्हाला पटत नाही.

पण अधिकार आहे म्हणून उपाय चांगला आहे, असे होत नाही, आणि येथे आम्ही आपल्या बाजूला थोडे सरकतो. मापमर्यादा कोणत्याही मोठ्या शहरात पुरेसा काळ राबवली न गेल्यामुळे तिचा परिणाम मोजण्याची संधीच मिळालेली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर असे दिसले की, मोठ्या पेल्याऐवजी दोन लहान पेल्यांची जोडी करून विकली, तर लोक एकूण अधिक पेय विकत घेतात. नियमात पळवाट असेल, तर विक्रेता ती शोधणारच, आणि जोडीने विकणे ही अगदी उघडी पळवाट आहे.

कराचा अनुभव याहून बराच भक्कम आहे. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला, तेव्हा पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सुमारे साडेपाच टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी पावणेदहा टक्क्यांच्या आसपास घटली. फिलाडेल्फिया शहरात २०१७ मध्ये औंसाला दीड सेंट कर आला आणि शहरातील मोठ्या दुकानांतील विक्री निम्म्यावर आली. काही लोकांनी शहराची हद्द ओलांडून खरेदी केली, पण ती वजा करूनही निव्वळ घट अडतीस टक्क्यांची होती. सर्वांत हुशारीचा प्रयोग ब्रिटनचा म्हणावा लागेल. तेथे एप्रिल २०१८ पासून कर पेयाच्या मापावर नाही, तर त्यातील साखरेवर बसतो : शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही, पाच ते आठ ग्रॅमपर्यंत सुरुवातीला लिटरला १८ पेन्स आणि आठ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर २४ पेन्स असा दर होता. घोषणा २०१६ मध्येच झाल्याने कंपन्यांना दोन वर्षे मिळाली आणि त्यांनी निमूटपणे पेयांच्या कृती बदलून साखर कमी केली. सुरुवातीला वर्षाला ५२ कोटी पौंड मिळतील असा सरकारचा अंदाज होता, तो निम्म्याहूनही खाली, २४ कोटींवर आणावा लागला. तिजोरी कमी भरली, हेच त्या कराचे यश. पुढील पाहणीत असे आढळले की, लोकांनी विकत घेतलेल्या पेयांचे प्रमाण घटले नाही, पण त्यांतून घरात येणारी साखर दर आठवड्याला घरटी सुमारे तीस ग्रॅमने कमी झाली. कोणाच्या हातातला पेला काढून घेतला गेला नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या आक्षेपालाही तेथे फारशी जागा उरत नाही.

वजनावर काय परिणाम झाला, हे सांगताना सावध राहायला हवे. इंग्लंडमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधील लठ्ठपणाचे प्रमाण, कर नसता तर जेवढे अपेक्षित होते, त्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी आढळले. मुलग्यांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. लठ्ठपणाची कारणे अनेक असल्याने एका कराकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणे बरोबर होणार नाही.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या लठ्ठ मुलांची संख्या दरवर्षी वाढते आहे. महाराष्ट्र सरकारने शीतपेयांच्या मापावर मर्यादा घालावी, यासाठी आम्ही काही डॉक्टर निवेदन देण्याच्या विचारात आहोत. आपले मत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : निवेदन अवश्य द्यावे, त्यातील मागणी मात्र बदलावी, असे सुचवतो.

आपली काळजी आकड्यांना धरून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांमध्ये देशातील जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २०.६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि पुरुषांचे १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक आहे. याचे सगळे खापर शीतपेयांवर फोडता येणार नाही. भाताचे ताट आणि बैठे काम यांचाही त्यात वाटा आहे.

अडचण अशी की, न्यूयॉर्कचा रोग मोठ्या पेल्याचा होता आणि आपला लहान बाटलीचा आहे. भारतात शीतपेय खेड्यापाड्यांत पोहोचले, ते माप वाढवून नाही, तर घटवून. २००३ च्या सुमारास दोनशे मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना आली आणि ‘पाच मतलब छोटा कोक’ ही आमिर खानची जाहिरात घरोघरी पोहोचली. २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणला, तोही दहा रुपयांत दोनशे मिलिलिटर या मापात, आणि त्यापाठोपाठ प्रतिस्पर्ध्यांनाही लहान व स्वस्त बाटल्यांकडे वळावे लागले. शाळेतून घरी निघालेल्या मुलाच्या खिशात दहाची नोट असते, म्हणून दहाची बाटली. साध्या कोलात शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर धरली, तर या बाटलीत एकवीस ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात अशी साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. मुलाची मर्यादा याहूनही कमी. ती या एका बाटलीतच जवळजवळ संपते.

अशा स्थितीत ४७३ मिलिलिटरची किंवा अगदी ३०० मिलिलिटरची मर्यादा घातली, तरी टपरीवरील फ्रीजमधील लहान बाटलीला तिचा स्पर्शही होणार नाही. दोन-सव्वादोन लिटरच्या मोठ्या बाटलीवर बंदी घालावी, तर ती आपल्याकडे बारशाला किंवा हळदीला दहा-पंधरा जणांत वाटली जाते. मर्यादेचा खरा फटका बसेल तो मल्टिप्लेक्समधील पॉपकॉर्नसोबत मिळणाऱ्या मोठ्या पेल्याला आणि फास्टफूडच्या दुकानांत फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या पेल्याला. फ्रान्सने असे फुकट भरून देणे २०१७ पासून बंद केले आहे, इंग्लंडनेही ऑक्टोबर २०२५ पासून. तेवढे आपणही करावे, त्यात कोणाचे काही बिघडणार नाही. पण सांगलीतील तुमच्या बालरुग्णांपैकी किती जण तेथे जातात?

मापमर्यादा घालायची म्हटली, तरी ती कोण घालणार, हा प्रश्न येथेही आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा आणि केंद्राचा आहे. त्याच्या कलम ३० खाली राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर जास्तीत जास्त एक वर्ष बंदी घालता येते. महाराष्ट्रातील गुटखाबंदी २०१२ पासून याच कलमाखाली दर वर्षी नव्याने जाहीर होत आली आहे. गुटखा कोणत्या पानपट्टीवर मिळतो, हे येथे सांगण्याची गरज नाही. एका अधिकाऱ्याच्या सहीने बाटलीचे माप ठरवणे म्हणजे न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाचीच वाट धरणे होय.

मागणी करायची ती कराची. सोडायुक्त शीतपेयांवर आपल्याकडे जीएसटी भरपूर आहे : २०१७ पासून २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर, सप्टेंबर २०२५ पासून थेट ४० टक्के. पण हा कर साखरेकडे पाहतच नाही. शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅम साखरेच्या कोलावर ४० टक्के आणि बिनसाखरेच्या डाएट कोलावरही ४० टक्के, मग कंपनीने साखर कमी का करावी? याहून विचित्र भाग पुढे आहे. सोडा नसलेली, फळाच्या गराची बाटलीबंद पेये याच फेरबदलात १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. आंब्याच्या अशा पेयात साखर कोलाएवढी किंवा काही वेळा त्याहूनही जास्त असते, आणि मुलांच्या डब्यासोबत दिले जाते ते नेमके हेच पेय. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज लहान नाही. राज्य स्वतंत्रपणे वेगळा कर बसवू शकत नाही, केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर बसवलेला साडेचौदा टक्क्यांचा कर जीएसटी येताच त्यात विरून गेला. पण बुडबुड्यांऐवजी साखरेच्या ग्रॅमवर टप्प्याटप्प्याने कर बसवा, असा आग्रह राज्य परिषदेत नक्कीच धरू शकते. डॉक्टरांच्या निवेदनात हा मुद्दा पहिला असावा.

दुसरा मुद्दा शाळेच्या फाटकाचा. महाराष्ट्राने मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत शीतपेयांसह अरबटचरबट पदार्थ विकण्यास मनाई केली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असे पदार्थ विकायला बंदी केली आहे. नवा कायदा मागण्यापूर्वी आपल्या शहरातील शाळांबाहेरचे पन्नास मीटर कोणी कधी मोजले का, एवढे अन्न व औषध प्रशासनाला लेखी विचारावे.

प्रश्न : गोड पेयांवर साखरेच्या हिशेबाने कर बसला, तर त्याचा भार शेवटी ऊस उत्पादकावरच पडणार नाही का? आधीच कारखान्यांकडे बिले थकतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थकलेल्या बिलांचा राग रास्त आहे, पण त्याचा शीतपेयाच्या बाटलीशी फारसा संबंध नाही. उसाची किमान किंमत, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि बाजारात साखर खपली नाही म्हणून ती खाली येत नाही. देशात वर्षाला २८० लाख टनांच्या आसपास साखर खपते. मिठाई, बिस्किटे आणि घरगुती वापर पाहता शीतपेयांचा वाटा त्यात मर्यादित आहे, आणि ब्रिटनसारखी घट झाली, तर तो एकदम नव्हे, काही वर्षांत कमी होईल. शिवाय आता उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल करता येते. कारखान्याची रोकड कोठे अडते, हे पाहायचे तर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरवलेला साखरेचा किमान विक्रीदर आणि त्यानंतर अनेक वेळा वाढलेली एफआरपी यांच्यातील अंतर पाहावे. ती लढाई तुम्ही लढावी, आम्ही तुमच्या बाजूने आहोत; ती मुलांच्या बाटलीतील साखर टिकवून ठेवून जिंकता येणार नाही.

प्रश्न : शीतपेयांविरुद्ध सगळे बोलतात, पण मस्तानी, उसाचा रस आणि आपला अमृततुल्य चहा यांचे काय? नियम सर्वांना सारखा का नको?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मस्तानीबद्दल निश्चिंत असावे, न्यूयॉर्कचा नियम पुण्यात लागू झाला असता, तरी निम्म्याहून अधिक दूध असल्याने ती सुटली असती. उसाच्या रसावर मात्र वकिलांची चांगली चंगळ झाली असती, कारण त्यात वरून साखर घातलेली नसते आणि ऊस हे फळही नव्हे.

प्रश्न गमतीचा वाटला, तरी त्यातील आक्षेप खरा आहे. रसवंतीवरील मोठ्या ग्लासातील साखर कोलाच्या बाटलीपेक्षा कमी नसते, आणि दिवसातून चार कप चहा प्रत्येकी दोन चमचे साखरेने पिणाऱ्याच्या पोटात तेवढ्यातूनच तीस ग्रॅमहून अधिक साखर जाते. शरीराला ती साखर स्वदेशी की विदेशी, हे कळत नाही. मधुमेही व्यक्तीने रसवंती आणि शीतपेयाचे दुकान यांत फरक करू नये.

सरकारने मात्र तो करावा. रसवंती उन्हाळ्यात चालते, तिचा मालक टीव्हीवर क्रिकेटचे सामने प्रायोजित करत नाही आणि चहावाला ‘साखर कमी’ म्हटल्यावर कमी टाकून देतो. बाटलीबंद पेयात हे सांगण्याची सोय नाही. साखर कारखान्यातच मिसळून, झाकण लावून येते. जेथे ग्राहकाला बदल करता येत नाही आणि एका कृतीतून कोट्यवधी बाटल्या भरल्या जातात, तेथे एका करामुळे ती कृती बदलता येते. हजारो चहाच्या टपऱ्यांवर निरीक्षक पाठवून ते साधणार नाही, आणि तसा प्रयत्न झाला तर त्यातून टपरीवाल्यांचा छळ आणि चिरीमिरी एवढेच हाती लागेल. बाटलीच्या मागील तक्त्यात वरून घातलेली साखर शंभर मिलिलिटरला किती, हे आता छापावे लागते. तो आकडा पाच ग्रॅमच्या खाली असलेली पेये आपल्या नेहमीच्या दुकानात किती आहेत, हे आपण एकदा पाहून कळवल्यास पुढील अंकात अवश्य छापू.